बोटीला झिंक, तसा गिझरला रॉड



गोव्यात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. या दिवसांत आपण जाळी, इंजिन सगळं बघून घेतो. त्यातला अर्धा दिवस घरच्या गिझरलाही द्या.

बोटीच्या पंख्याजवळ आपण झिंकची प्लेट लावतो. ती आधी झिजते, म्हणून पंखा आणि सुकाणू वाचतं. गिझरच्या टाकीत हेच काम मॅग्नेशियमचा रॉड करतो. तो संपला की गंज टाकीलाच धरतो, आणि गळकी टाकी सहसा दुरुस्त होत नाही, नवा गिझरच घ्यावा लागतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी खारट असेल तर रॉड लवकर संपतो. वर्षातून एकदा काढून बघा. निम्म्याहून जास्त झिजला असेल तर बदला.

त्याच वेळी कॉइलवरचे क्षारही काढून घ्या. पाणी तापायला वेळ लागतो, आतून कडकड आवाज येतो, ही क्षार साचल्याची खूण.

सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारू नका. जादा दाब तिथूनच बाहेर पडतो. तो अडला तर टाकी फुटू शकते. सारखा गळत असेल तर मेकॅनिकला दाखवा.

कॉइल फुटली तर करंट पाण्यात उतरतो. म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. त्याचं टेस्ट बटण दाबा, लगेच ट्रिप व्हायला पाहिजे.

गिझर उघडण्याआधी मेन स्विच बंद. काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

– सचिव