एका दिवसात पॉम्पेई आणि नेपल्स

• इ. स. ७९ : व्हेसुव्हियसचा उद्रेक. पॉम्पेई राखेखाली गाडले गेले. पद्धतशीर खोदकाम १७४८पासून. आवार सुमारे ६६ हेक्टर. त्यातला एक तृतीयांश भाग अजून जमिनीखालीच. १९९७पासून जागतिक वारसा.

• माणसांचे ‘पुतळे’ : हे पुतळे नव्हेत. घट्ट झालेल्या राखेत देह कुजून पोकळ्या उरल्या. जुझेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३मध्ये त्यांत प्लॅस्टर ओतून ठसे घेतले. वळलेली बोटे, कपड्यांच्या चुण्याही दिसतात. लहान मुलांना आधी सांगून ठेवावे.

• रस्त्यातले उंच दगड : पाय न भिजवता पलीकडे जाण्यासाठी. मधल्या फटींतून गाड्यांची चाके जात.

• मूळ कलाकृती कुठे? बऱ्याचशा नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात. अलेक्झांडरचे मोझेक तिथेच. पॉम्पेईतल्या घरात त्याची प्रतिकृती.

• ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ : भारतीय घडणीची हस्तिदंती मूर्ती, उंची जेमतेम वीतभर. १९३८मध्ये सापडली. लक्ष्मी की यक्षी, यावर मतभेद. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळाली.

• प्रवास : नेपल्सहून लोकल, सुमारे ४० मिनिटे. संग्रहालय मंगळवारी बंद.