गाळणीच्या छिद्रातील विद्युतभार



पावसाळ्यात अडाण नदीला गढूळ पाणी आले की माठात तुरटीचा खडा फिरवायचा, ही रीत बोरी अरबच्या जुन्या माणसांना सांगावी लागत नाही. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसतो. हे कसे घडते? मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात, म्हणून हे कण एकत्र येत नाहीत आणि खाली बसत नाहीत. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियमचा धन भार हा ऋण भार नाहीसा करतो. मग कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळ गाठतात.

विद्युतभाराचा हाच नियम आज घरोघरी व गावोगावी आलेल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतही चालतो. या यंत्रातील कृत्रिम पटलास, म्हणजेच मेम्ब्रेनला, आपण केवळ बारीक चाळणी समजतो. ही समजूत अपुरी आहे आणि तिच्यामुळे नुकसान होऊ शकते.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आढळते. त्याला रंग, वास वा चव नसते आणि पाणी उकळून ते जात नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे व सांधे जखडतात. ते काढण्यासाठी नागपूरच्या 'नीरी' संस्थेने तुरटी व चुना वापरणारी 'नालगोंडा' पद्धत विकसित केली. दुसरा मार्ग पटलाचा.

येथे आकाराचा विचार करू. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. जिवाणू साधारणतः काही शे नॅनोमीटरचे असतात. त्यांना अडविण्यास काही दशक नॅनोमीटरची छिद्रे पुरतात. तेथे चाळणीचा न्याय लागू पडतो. परंतु फ्लोराइडचा आयन, भोवतीच्या पाण्याच्या रेणूंसह धरला तरी, एका नॅनोमीटरहून लहान असतो. अशा छिद्रांतून तो सहज निघून जातो. म्हणून जंतू अडविणारे प्रत्येक यंत्र फ्लोराइड अडवीलच असे नाही.

त्याहून बारीक, सुमारे एक नॅनोमीटर छिद्रांच्या पटलांत विद्युतभाराचे काम सुरू होते. ही पटले बहुधा पॉलिअमाइडची असतात. त्यांची छिद्रे म्हणजे पत्र्याला पाडलेली भोके नव्हेत. रेणूंच्या लांब साखळ्यांमधील त्या रिकाम्या जागा होत. या साखळ्यांवरील आम्लगट नेहमीच्या पाण्यात ऋणभारित होतात. फ्लोराइडही ऋणभारित असल्याने छिद्राची भिंत त्याला दारातूनच परत लोटते.

हाच भार छिद्राचा आकारही सांभाळतो. साखळ्यांवरील ऋण भार एकमेकांस दूर ठेवतात व त्यांच्यामध्ये पाणी राहते. पाणी फार आम्लधर्मी झाले की हा भार ओसरतो, साखळ्या जवळ सरकतात आणि जागांचा आकार बदलतो. पाण्यात क्षार वाढले की भाराचा प्रभाव आखूड होतो. लिटरला सुमारे ६० मिलिग्रॅम मीठ असल्यास तो १० नॅनोमीटरपर्यंत पोचतो. ६ ग्रॅम असल्यास जेमतेम एका नॅनोमीटरपर्यंत. जड पाण्यातील कॅल्शियमवर दुहेरी धन भार असतो. तो आम्लगटांना चिकटून त्यांचा ऋण भार झाकतो आणि पाण्यातील सेंद्रिय मळ व पटल यांच्यामध्ये पुलासारखा बसतो. तुरटीने माठात जे घडते ते येथे पटलाच्या तोंडाशीच घडते! फरक एवढाच, की माठात ते उपकारक असते, येथे छिद्रे बुजतात.

दुसरा शत्रू क्लोरीन. विहिरीत वा टाकीत ब्लीचिंग पावडर टाकणे आवश्यकच आहे. रोगराई त्यानेच टळते. परंतु तेच क्लोरीन पॉलिअमाइडच्या साखळीतील नायट्रोजनवर हल्ला करते. साखळी कमकुवत होऊन तुटते आणि छिद्रे सैल पडतात. मग पाणी भरपूर येते, पण क्षारही सोबत येतात. पाणी जास्त येऊ लागले म्हणून आपण आनंद मानतो, तेव्हा पटल निकामी झालेले असू शकते. यासाठीच पटलाआधी कोळशाची गाळणी बसवितात; ती वेळेवर बदलणे हा खर्च नसून बचत आहे.

समुद्राचे पाणी गोडे करणारे पहिले उपयुक्त पटल १९६० च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब यांच्यासोबत श्रीनिवास सौरिराजन या भारतीय शास्त्रज्ञाने घडविले. आपल्या महाराष्ट्रातही तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पटलांवर संशोधन झाले आहे. शाळेत 'सारखे भार दूर सारतात' हे वाक्य पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने या क्षेत्राकडे अवश्य पाहावे.

बांधवांनो, यंत्र घेण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्या. फ्लोराइड, जडपणा व एकूण क्षार हे तीन आकडे लिहून ठेवा. यंत्र बसविल्यावर गाळलेल्या पाण्याचीही तपासणी करा आणि ठरावीक काळाने ती पुन्हा करा. स्वच्छ दिसणारे पाणी निर्दोष असेलच असे नाही; ते डोळ्यांनी कळत नाही, तपासणीनेच कळते.