पत, नोंद आणि जोखीम : मोटार-विम्याच्या दरनिश्चितीतील शब्दविचार

१.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट ह्यासारख्या गावात आज ‘त्याचे सिबिल खराब आहे’ हे वाक्य सहज बोलले जाते. सिबिल हे मुळात एका संस्थेच्या लांबलचक इंग्रजी नावातील आद्याक्षरांपासून बनलेले नाव होय. ही संस्था २००० साली स्थापन झाली. कर्जदारांच्या परतफेडीची माहिती सभासद बँकांकडून गोळा करून ती मागणाऱ्या बँकांना पुरविणे, हे तिचे कार्य. तिने दिलेला पतगुणांक ३०० ते ९०० ह्या मर्यादेत असतो. बोलीने ह्या विशेषनामाचे सामान्यनाम केले, त्यास नपुंसकलिंग दिले आणि ‘चांगले’, ‘खराब’, ‘बिघडलेले’ अशी विशेषणे जोडली. ह्या नव्या शब्दाने ‘पत’ ह्या जुन्या शब्दाच्या अर्थक्षेत्राचा मोठा भाग व्यापला आहे.

तथापि दोहोंचा अर्थ एकच नव्हे. पत ही ओळखीवर उभी असते. दुकानदार गिऱ्हाइकास उधारी देतो, तेव्हा त्यास त्याचे घर, शेत आणि बोलणे ठाऊक असते. यंदा पाऊस पडला नाही, हेही त्यास ठाऊक असते. सिबिल ही नोंद आहे. हप्ता थकला एवढेच ती सांगते, का थकला ते सांगत नाही. ह्या भेदाचे व्यावहारिक परिणाम कर्जापुरते मर्यादित नाहीत. काही देशांत मोटारीच्या विम्याचा दरही अशा नोंदीवरून ठरतो. ही पद्धती कोणती, भारतात तिचे स्वरूप काय आणि ‘पत’, ‘नोंद’ व ‘जोखीम’ ह्या शब्दांच्या वापरातून तिच्यातील कोणती अडचण उघड होते, ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे.

२.

भारतात मोटार-विम्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग त्रयस्थ व्यक्तीस होणाऱ्या हानीचा. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १४६ अन्वये हा विमा सक्तीचा आहे व त्याचा दर कंपनी ठरवीत नाही. तो अधिसूचनेने ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या अधिसूचनेत खाजगी मोटारीचा वार्षिक दर १,००० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास २,०९४ रुपये, त्यापुढे १,५०० पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनास ७,८९७ रुपये असा होता. वीस वर्षे निर्दोष मोटार चालविणारा आणि महिन्याला दंड भरणारा, दोघांनाही येथे एकच दर. इंजिनाचे आकारमान मोजले जाते, माणसाचे वर्तन नव्हे.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या हानीचा. २००२ च्या अखिल भारतीय दरपत्रकाने ह्यासाठी वाहनाचे घोषित मूल्य, वय, इंजिनाचे आकारमान आणि नोंदणीचे स्थान हे घटक धरले. खाजगी मोटारींसाठी देशाचे दोन विभाग करण्यात आले : मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे ‘अ’ विभागात व उर्वरित सर्व देश ‘ब’ विभागात. पाच वर्षांपर्यंतच्या लहान मोटारीचा दर ‘अ’ विभागात मूल्याच्या ३.१२७ टक्के, तर ‘ब’ विभागात ३.०३९ टक्के होता. म्हणजे चार लाख रुपये मूल्याच्या मोटारीस पुण्यात १२,५०८ रुपये, तर ‘एमएच-२५’ ह्या धाराशिवच्या क्रमांकाने नोंदलेल्या तशाच मोटारीस १२,१५६ रुपये. ईट येथील मालकास ग्रामीण वास्तव्याचा लाभ मिळे तो ३५२ रुपयांचा. १ जानेवारी २००७ पासून ह्या भागाचे दर खुले झाले आणि कंपन्यांना आपले घटक निवडण्यास वाव मिळाला.

३.

ह्या रचनेत माणसाच्या वर्तनाचा शिरकाव एका वाटेने होतो. ती म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, व्यवहारात जिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. दाव्याविना पहिले वर्ष गेल्यास २० टक्के, आणि पुढे क्रमाने २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी ही सूट वाढत जाते. ती वाहनास नव्हे, विमेदारास मिळते. मोटार विकली तरी सूट मालकाकडेच राहते. परंतु येथेही मोजला जातो तो दावा, अपघात नव्हे. किरकोळ अपघाताचा खर्च खिशातून करणाऱ्याची सूट अबाधित राहते; दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या हानीची भरपाई आपल्या कंपनीकडे मागणारा ती गमावतो.

वाहनचालनाची प्रत्यक्ष नोंद दरास जोडण्याचा विचार पुढे झाला. विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक-नियमभंगाचा स्वतंत्र हप्ता सुचविला व त्याचा पहिला प्रयोग दिल्लीत व्हावा असे म्हटले. मद्यपान करून वाहन चालविणे ह्यास १०० गुण आणि चुकीच्या जागी वाहन उभे करणे ह्यास १० गुण, अशी त्यातील श्रेणी होती. जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने, वाहन किती चालते व कसे चालविले जाते ह्यावर आधारलेल्या पुरवण्यांना अनुमती दिली.

येथे एक प्रश्न उद्भवतो. कॅमेऱ्याने टिपलेले चलान वाहनाच्या क्रमांकावर, म्हणजे मालकाच्या नावावर निघते. ‘मालक’ आणि ‘चालक’ हे शब्द केवळ यमकाने जवळ आहेत. भाड्याच्या जीपगाडीत वा मालवाहू टेम्पोत त्या दोन निराळ्या व्यक्ती असतात. वर्तन चालकाचे, नोंद मालकाची, अशी स्थिती राहिल्यास ‘नोंद’ ह्या शब्दाचा कर्ताच बदलतो.

४.

अमेरिकेत वर्तनाची तपासणी फार पुढे गेलेली आहे. तेथे कंपनी राज्याच्या परवाना-खात्याकडून चालकाची नोंद मागविते. गेल्या काही वर्षांतील अपघात, दंड व परवान्याचे निलंबन पाहून दर ठरतो. ह्याखेरीज १९९० नंतरच्या दशकात पतनोंदीवरून काढलेला विमा-गुणांक रूढ झाला. १९७० च्या पतनोंदविषयक केंद्रीय कायद्याने विमा कंपन्यांना ही माहिती पाहण्याची मुभा आहे; मात्र तिच्यामुळे दर वाढल्यास ग्राहकास तसे कळविणे बंधनकारक आहे.

तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने जुलै २००७ मध्ये ह्या गुणांकाविषयी अहवाल सादर केला. गुणांक कमी असलेले लोक सरासरीने अधिक दावे करतात, असे त्यात दिसून आले. हा संबंध का आहे ह्याचा निर्णय मात्र त्यातून लागला नाही. तसेच कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषी वंशाच्या नागरिकांचे गुणांक सरासरीने खालच्या बाजूस होते. कॅलिफोर्निया राज्यात १९८८ च्या सार्वमताने वाहनचालनाची निर्दोषता, वार्षिक प्रवासाचे अंतर आणि चालनाच्या अनुभवाची वर्षे ह्यांनाच क्रमाने प्राधान्य दिले. पतगुणांकास तेथे स्थान नाही. मॅसॅच्युसेट्स व हवाई येथेही तो वर्ज्य आहे.

अशा देशात नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबाची अडचण विशेष उद्बोधक आहे. पुण्यात दहा वर्षे सांभाळून मोटार चालविलेला गृहस्थ तेथील नोंदवहीत आदल्या दिवसापर्यंत अस्तित्वातच नसतो.

५.

ह्या अडचणीचे मूळ भाषेतही दिसते. ‘त्याला पत नाही’ ह्या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात : त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, अथवा त्याचा कोणाशी देवघेवीचा प्रसंगच आलेला नाही. पहिल्या अर्थी ‘नाही’ हा शब्द दोष सांगतो, दुसऱ्या अर्थी निव्वळ अभाव. बोलणाऱ्यांस संदर्भावरून भेद कळतो. गणितास तो वेगळा शिकवावा लागतो. सिबिलच्या पद्धतीत ज्याच्या कर्जाची नोंदच नाही त्यास ‘उणे एक’ हे चिन्ह दिले जात असे. अभावास चिन्ह तरी कोणते द्यावे, तर ऋण संख्येचे.

दुसरी गोष्ट ‘जोखीम’ ह्या शब्दाची. मराठीत जोखीम पत्करली जाते, उचलली जाते, सोपविलीही जाते. पूर्वापार वापरात ती प्रसंगास, मालास वा मार्गास चिकटलेली असते. घाटात जोखीम असते, माणूस ती उचलतो. गुणांकाच्या पद्धतीत मात्र माणूसच जोखीम होतो. हा केवळ शब्दच्छल नव्हे. जोखीम घाटात असेल तर रस्ता सुधारता येतो. ती माणसात आहे असे ठरले की उरते ती फक्त किंमत वाढविणे.

६.

भारतात त्रयस्थ-विम्याच्या अधिसूचित दरांत पतगुणांकाचा संबंध नाही. २००२ च्या दरपत्रकातही तो नव्हता. परंतु २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या अधिनियमाखाली २००६ मध्ये झालेल्या विनियमांनी विमा कंपन्यांना ही माहिती मिळविण्यास पात्र ठरविलेले आहे, आणि स्वतःच्या हानीचे दर खुले आहेत. दार उघडे आहे.

भूम तालुका हा पर्जन्यछायेतील प्रदेश. येथे पीककर्ज थकते ते पुष्कळदा पाऊस न झाल्यामुळे. त्या थकबाकीवरून एखाद्याच्या वाहनचालनाचे अनुमान केले, तर अवर्षणाची किंमत मोटारीच्या विम्यात दुसऱ्यांदा वसूल होईल. सरासरीच्या गणितास असा संबंध सापडेलही. परंतु सापडलेला संबंध आणि लावलेला दोष ह्यांत अंतर आहे. नोंद ज्या वर्तनाची, तिने त्याच वर्तनाविषयी बोलावे, हे तत्त्व पाळावयाचे तर चालकाच्या नोंदीस दरनिश्चितीत स्थान देणे न्याय्य ठरते, कर्जाच्या नोंदीस तसे ठरत नाही. उधारीची वही आणि रस्त्यावरील सावधपणा ह्या दोहोंस आज ‘सिबिल’ हा एकच शब्द पुरेल असे वाटू लागण्यापूर्वी हा भेद स्पष्ट असलेला बरा.