हाराल्ड त्सुर हाउझेन : चामखिळीपासून कर्करोगापर्यंत

जन्म १९३६, गेल्सेनकिर्शेन, जर्मनी, मृत्यू २०२३. शिक्षणाने डॉक्टर, पण हयात गेली विषाणूंच्या प्रयोगशाळेत.

सत्तरच्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संशय हर्पिस विषाणूवर होता. त्सुर हाउझेन यांना मात्र रुग्णांच्या गाठींमध्ये त्याचा डीएनए सापडेना. त्यांनी बोट ठेवले ते चामखीळ उठवणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंच्या (एचपीव्ही) कुळावर. अनेक शास्त्रज्ञांना हे पटले नाही. तरीही आधी एर्लांगेन-न्युरेम्बर्ग आणि मग फ्रायबुर्ग विद्यापीठात ते दहाएक वर्षे हाच माग काढत राहिले. १९८३मध्ये त्यांच्या गटाला एचपीव्ही-१६ हाती लागला, पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८. जगात या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे हे दोन प्रकार आहेत. या विषाणूंचे क्लोन केलेले डीएनए त्यांनी इतर प्रयोगशाळांना मोकळ्या हाताने वाटले. संशोधक म्हणून त्यांचे मोठेपण मला इथेच सर्वाधिक जाणवते.

या विषाणूंवरची पहिली लस २००६मध्ये आली, त्यांना वैद्यकाच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला २००८मध्ये. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ लसही याच दोन प्रकारांना रोखते. लस मुलींबरोबर मुलांनाही द्या, असा त्सुर हाउझेन यांचा अखेरपर्यंत आग्रह होता.