मातेचे श्रम आणि मानोऱ्याची पेठ

स्त्रियांनीं घराबाहेर पडून काम करावें कीं न करावें, हा वाद शहरांतील सभागृहांत पुष्कळ रंगला. मानोऱ्याच्या शिवारांत तो केव्हांच निकालांत निघाला आहे. पऱ्हाटीचें बोंड फुटलें कीं गांवोगांवच्या आणि तांड्यांवरच्या बाया भाकरी फडक्यांत बांधून वेचणीस निघतात. वेचणीची मजुरी किलोवर. म्हणून मूल रडलें कीं आईची मजुरी घटते. अंगावर पिणारें मूल धुऱ्यावरच्या झाडास बांधलेल्या झोळींत, आणि राखणीस थोरली बहीण! त्या पोरीची शाळा बुडते. एका पिढीच्या भाकरीसाठीं दुसरीचें शिक्षण गहाण पडतें.

ही गोष्ट केवळ मजूर बायांची नव्हे. पेठेंतील सुखवस्तु घरांत मुलीला पदवीपर्यंत शिकविण्याची हौस आली आहे, ती स्तुत्यच आहे. परंतु अशाच घरची शिकलेली सून पहिल्या बाळंतपणानंतर शिक्षिकेची किंवा परिचारिकेची नोकरी सोडते, तेव्हां 'लेकराकडे कोण पाहणार?' एवढेंच कारण ऐकूं येतें. 'बापानेंहि पाहावें', हें उत्तर कोणाच्या तोंडीं येत नाहीं.

कायद्यानें कांहींच केलें नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं प्रसूतीच्या काळांतील विश्रांति ही राष्ट्राच्याच हिताची आहे, अशी बाजू मांडली. १९२९ सालीं त्या इलाख्यांत कारखान्यांतील स्त्रियांसाठीं तसा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना कायद्यानें ५० हून अधिक स्त्रिया असतील तेथें पाळणाघर आवश्यक केलें. १९७६ सालीं ही मर्यादा ३० वर आली. २०१७ सालीं प्रसूतीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. हें सर्व चांगलें. पण तें हजेरीपट असलेल्या जागेपुरतें. वेचणीच्या टोळीस आणि दोन नोकरांच्या दुकानास त्याचा काय उपयोग?

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यांत अधिक शहाणपण दिसलें. कामावर सहा वर्षांखालचीं पांच मुलें आलीं, कीं त्यांस सांभाळण्यास एक बाई नेमावी व तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद तींत होती. तेथें मोजणी मजुरांची नव्हे, मुलांची होती. हेंच माप आम्हांस न्याय्य वाटतें. १९७५ पासून देशांत अंगणवाड्या सुरू झाल्या, त्यांचे उपकार मोठे आहेत; परंतु अंगणवाडी कांहीं तास चालते आणि वेचणीचा दिवस त्याहून फार लांब असतो.

म्हणून आमची सूचना पेठेंतील अडत्यांस व व्यापाऱ्यांस आहे. व्यवहारावर धर्मादाय काढण्याची आपली चाल जुनी आहे. त्यांतून पाणपोया, धर्मशाळा, गोरक्षण संस्था उभ्या राहिल्या. त्याच धर्मादायांतून हंगामापुरतें एक पाळणाघर चालवावें. एक हवेशीर खोली, स्वच्छ पाणी, दूध, आणि दोन जाणत्या बाया. वेळ सकाळच्या वेचणीपासून दिवेलागणीपर्यंत. त्या बायांस मानधनाच्या नांवाखालीं चिल्लर न देतां पुरी मजुरी द्यावी; नाहीं तर एका आईची सोय दुसरीच्या पिळवणुकीवर होईल. नगरपंचायतीनें जागा दिल्यास खर्च आणखी हलका होईल.

'हें सरकारचें काम आहे', असें कोणी म्हणेल. सरकारकडून तें अवश्य करून घ्यावें. पण तोंवर बोंडें वाट पाहत नाहींत आणि मुलेंहि पाहत नाहींत. शिवाय ज्या कापसावर पेठ चालते, तो वेचणाऱ्या हाताची काळजी हें दान नव्हे, देणें आहे.

पोहरादेवीच्या यात्रेस दूरदूरचे भाविक येतात. त्यांस पाणी आणि सावली द्यावी, हें या तालुक्यांत कोणास शिकवावें लागत नाहीं. तीच सावली आपल्या शिवारांतील झोळीवर पडावी, इतकेंच आमचें मागणें आहे.