आधी मुख्याध्यापक, मग जीआर

खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२२ मध्ये बंद पडायच्या बेतात होती. पटावर मुलं ३. वाबळेवाडीच्या शाळेमुळे नाव झालेले दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले, गाव कामाला लागलं, आणि २०२५ मध्ये ‘टी-फोर एज्युकेशन’च्या जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान याच शाळेनं पटकावला.

पुरस्काराचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यातली ‘विषयमित्र’ पद्धत जास्त मोलाची वाटते. ज्याला गणित जमतं तो न जमणाऱ्याला शिकवतो, मग वय किंवा इयत्ता काहीही असो. दोन शिक्षकांच्या शाळेत एक गुरुजी एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळतात. एका इयत्तेला फळ्यावर उदाहरणं घालून दिली की दुसरीकडे वळायचं. मुलं एकमेकांना शिकवू लागली की वजाबाकीत हातचा घेताना अडलेल्या पोराजवळ बसायला गुरुजींना सवड मिळते. कामगिरी सुधारते ती अशी, प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांनी नव्हे.

एरवी बदल वरून कोसळतो. २०२५ चंच बघा. पहिलीपासून हिंदीचा जीआर १६ एप्रिलला, दुरुस्ती १७ जूनला, माघार २९ जूनला. शाळा तोवर सुरूही झालेल्या. १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला: शिक्षकाच्या नोकरीची पाच वर्षांहून जास्त शिल्लक असतील, तर दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) पास व्हा. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या बाई आता परीक्षेची गाइडं चाळतात.

अशा वेळी मुख्याध्यापक दोन तऱ्हांनी वागतात. एक जण ग्रुपवर आलेलं प्रत्येक पत्रक ‘तातडीचे, आजच भरा’ म्हणून पुढे ढकलतो. तास बुडतात आणि चिडचिड वर्गात उतरते. दुसरा यू-डायसवरची शाळेची माहिती, पोषण आहाराचे आकडे स्वतः उरकतो आणि जे खरंच वर्गाशी निगडित आहे तेवढंच शिक्षकांसमोर ठेवतो. चाकण पट्ट्यात तर कारखान्यांमागे येणाऱ्या कुटुंबांमुळे वर्षाच्या मध्येच नवी मुलं दाखल होतात. त्यांना कुठल्या वर्गात बसवायचं, हे ठरवायलाही कुणीतरी मोकळं हवं.

पण शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो तो १५० च्या वर पट गेल्यावर. त्याखाली ज्येष्ठ शिक्षकाकडे चार्ज, आणि त्याचे वर्ग आहेत तसेच. जिथं माणसं कमी तिथंच सगळा कागद एकाच्या गळ्यात. प्रत्येक शाळेला वारे गुरुजी मिळणार नाहीत. निदान शाळांच्या प्रत्येक केंद्राला माहिती भरायला एक कारकून तरी द्यावा.