जंतू, खोली आणि ताट

क्षयाचा जंतू छातीत शिरला म्हणजे माणूस आजारी पडलाच, असं नसतं. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना या जंतूची लागण कधी ना कधी झालेली आहे. त्यांच्यातल्या शंभरांपैकी पाच ते दहा जणांनाच पुढे केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. ते कोण, हे ठरतं कसं?

फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला की बारीक तुषार उडतात. मोठे थेंब खाली पडतात, सर्वांत बारीक कण मात्र तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. श्वासावाटे ते दुसऱ्याच्या फुप्फुसात खोलवर जातात. तिथल्या भक्षक पेशी जंतूला गिळतात, पण हा जंतू त्यांना पचत नाही. तो पेशीच्या आतच जगतो आणि अगदी सावकाश वाढतो, वीसेक तासांत एकाचे दोन. मग शरीर त्याच्याभोवती आणखी पेशींचं कडं उभारतं. कडं टिकलं तर जंतू आत निपचित पडून राहतो, पुष्कळदा जन्मभर. मात्र ते टिकवण्यासाठी शरीराला सतत नव्या पेशींची कुमक लागते. एचआयव्हीमुळे त्या पेशीच मरतात, मधुमेहात त्यांचा जोर ओसरतो, आणि उपाशी शरीराला त्या पुरेशा तयारच करता येत नाहीत. आपल्या देशात यातलं सर्वांत मोठं कारण कुपोषण आहे.

इथवर शरीराचं झालं. पण मुळात छातीत किती जंतू जाणार, हे घर ठरवतं. मुंबईत गोवंडीच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये प्रकल्पबाधित झोपडीवासीयांसाठी पुनर्वसन इमारती बांधल्या. दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भरदुपारीही दिवा लावावा लागतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं दिसलं, की उजेड आणि खेळती हवा नसलेल्या या घरांमध्ये, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयाचं प्रमाण जास्त आहे. सूर्यप्रकाश हा जंतू मारतो, वाहती हवा त्याला पांगवते. इथे दोन्ही नाहीत. लोकांना पक्कं घर मिळालं, पण आराखड्यातच आजाराची सोय झाली, आणि हे टाळता येण्यासारखं होतं.

आता ताट. झारखंडमध्ये डॉ. माधवी आणि डॉ. अनुराग भार्गव यांनी सहकाऱ्यांसह एक मोठा प्रयोग केला. चार जिल्ह्यांतल्या क्षयरुग्णांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसं त्यात होती. सर्व रुग्णांना औषधांबरोबर शिधा मिळाला. साधारण निम्म्या कुटुंबांमध्ये मात्र घरातल्या इतरांनाही दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: घरातल्या इतरांनाही शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी होतं. लस नव्हती, नवं औषध नव्हतं. तांदूळ आणि डाळ होती. रुग्णांच्या बाबतीतही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी आढळला.

औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, नेहमीच्या क्षयाला सहा महिन्यांचा कोर्स पुरतो. तरी कोर्स अर्धवट सुटतो. दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, आणि रोजंदारीवरच्या माणसाला दवाखान्याच्या खेपेसाठी खाडा परवडत नाही. मुलीला आजार झाला तर लग्न जमणार नाही, म्हणून घरचे तो लपवतात आणि तपासणीच उशिरा होते. तोवर ती त्याच बंद खोलीत खोकत असते. उपचार अर्धवट राहिले तर औषधांना दाद न देणारे जंतू उरतात, आणि तोच क्षय पुढे घरातल्यांना होतो.

रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून मिळणारे दरमहा 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. ही वाढ हवीच होती. पण हे पैसे रुग्णापुरतेच. झारखंडमध्ये ज्यांच्या ताटातल्या डाळीने क्षय अडवला, त्या घरच्यांना अशी हक्काची मदत नाही. त्यांचा शिधा बहुधा निक्षय मित्र म्हणून पुढे येणाऱ्या देणगीदारांवर सोडलेला आहे. तो रेशनच्या दुकानातून, रुग्णाची नोंद होताच सुरू व्हायला हवा.